कवि फ्रान्सिस थॉम्प्सन व त्यांचें दुखणें

इंग्रजी कॅथोलिक कवींची गणना करतांना फ्रान्सिस थॉम्प्सन यांचें नांव वगळून पुढें जातां येत नाहीं. पळणाऱ्या जीवात्म्याचा ईश्वर कसा पाठलाग करतो हें वर्णिणारें त्यांचें 'हाउंड ऑफ हेवन' हें काव्य पुष्कळांस ठाऊक आहे. ज्या रोगजर्जर देहांतून तें निघालें त्या देहाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाहीं. ज्या घरांत तरुण मुलगा दीर्घकाळ आजारी आहे त्या घरासाठीं ती आम्ही येथें देत आहों.

थॉम्प्सन यांचा जन्म प्रेस्टन येथें १८५९ सालीं झाला. वडील डॉक्टर होते. मुलानें धर्मगुरु व्हावें म्हणून त्याला अशॉ येथील विद्यालयांत धाडलें. परंतु हा स्वप्नाळू मुलगा त्या पदास योग्य नव्हे असा निर्णय १८७७ सालीं वरिष्ठांनीं दिला. मग मँचेस्टर येथें वैद्यकाचा अभ्यास सुरू झाला. त्यांत त्यांचें मन कधींच रमलें नाहीं, व परीक्षांत अपयशच आलें.

१८७९ च्या सुमारास त्यांना मोठा आजार झाला. छाती कायमची अधू झाली, आणि अफूच्या अर्काशीं त्यांची गांठ पडली ती याच काळांत. हा अर्क त्या वेळीं इंग्लंडांत कोणत्याहि औषधविक्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून मिळे. आपल्याकडेहि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची गोळी देतच असत. तेव्हां इंग्रजांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. त्याच दिवसांत आईनें डी क्विन्सी यांचें अफूविषयींचें आत्मकथन मुलास भेट दिलें, व १८८० च्या डिसेंबरांत ती वारली. कांहीं लोक या पुस्तकावर सारें खापर फोडतात. आम्हांस तें पटत नाहीं. अफू खोकला दाबते, वेदना बधिर करते, झोंप आणते. रोग्यास तें औषधच वाटतें. पुढें शरीर संवयीचें होऊन मात्रा वाढवावी लागते, आणि ती चुकली कीं अंग मोडून येतें, घाम सुटतो, पोट बिघडतें, दाबलेला खोकला उसळतो. हा रोग कीं अफूची ओढ, हें रोग्यासहि कळेनासें होतें. अशा तरुणास केवळ दुर्व्यसनी म्हणून हांकलून देणें म्हणजे अर्धेंच निदान करणें होय.

१८८५ सालीं ते लंडनला गेले. तेथें आगपेट्या विकल्या, बूट पुसले, थेम्सच्या कांठीं उघड्यावर रात्री काढल्या. एका मोच्यानें कांहीं काळ आसरा दिला. पुढें रस्त्यावरील एका पतित म्हटल्या जाणाऱ्या मुलीनें आपल्या खोलींत जागा दिली. तिचें नांवहि इतिहासास ठाऊक नाहीं.

१८८७ सालीं मळक्या कागदांवर लिहिलेले आपले लेख त्यांनीं 'मेरी इंग्लंड' मासिकाचे संपादक विल्फ्रिड मेनेल यांस धाडले. ते कित्येक महिने तसेच पडून राहिले. १८८८ सालीं एक कविता छापली गेली व कवीचा शोध लागला. अफू एकदम तोडल्यास प्राणच जाईल अशी भीति डॉक्टरास वाटली, तरी उपचार झाले. मेनेल पतिपत्नींनीं त्यांस १८८९ सालीं ससेक्समधील स्टॉरिंग्टनच्या मठांत ठेविलें. उपदेशापेक्षां तेथील शांततेचाच गुण आला असावा. 'हाउंड ऑफ हेवन'चा जन्म तेथलाच. तें काव्य १८९० सालीं छापलें गेलें. पहिला कवितासंग्रह १८९३ सालीं निघाला.

व्यसन मात्र कायमचें सुटलें नाहीं. लंडनला परततांच तें पुन्हां जडलें. मग वेल्समधील पँटासफ येथें कॅप्युचिन साधूंच्या शेजारीं कांहीं वर्षें बरीं गेलीं. पुढें पुन्हां तेंच. पण मेनेल यांच्या घराचें दार प्रत्येक वेळीं उघडें राहिलें, आणि आम्हांस या चरित्रांत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१३ नोव्हेंबर १९०७ रोजीं लंडनमधील एका कॅथोलिक रुग्णालयांत क्षयानें त्यांचा अंत झाला. वय ४७ वर्षांचें होतें. स्टॉरिंग्टन येथें लिहिलेला त्यांचा शेलेवरील निबंध 'डब्लिन रिव्ह्यू'नें पूर्वीं नाकारला होता. तोच निबंध १९०८ सालीं त्याच नियतकालिकानें छापला.