मद्य राजाचे, वाडी जावयाची

युरोपात शतायुषी द्राक्षवेली व त्यांचे मद्य वारसा म्हणून जपले जाते. पालघर, बोईसर-तारापूरच्या किनाऱ्याचा वारसा द्राक्षाचा नव्हे, नारळाच्या वाडीचा. आणि त्याची दगडी नोंद सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची आहे. ती कोरविणाऱ्या उषवदाताचे चरित्र म्हणूनच आठवावयास हवे.

उषवदात हा दीनिकाचा पुत्र, क्षत्रप नहपानाचा जावई आणि दक्षमित्रेचा पती. वंशाने शक. मालवांच्या वेढ्यात सापडलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखास त्याने सोडविले व पुष्करास स्नान करून ३,००० गाई दान दिल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणगंगा यांप्रमाणेच डहाणूच्या नदीवरही प्रवाशांना विनामूल्य नावा ठेविल्या, काठांवर पाणपोया घातल्या. नदीला उतार नसेल तर पावसाळ्यात गावे तुटतात, हे या सरदाराला ठाऊक असावे!

त्याची खरी दृष्टी दिसते ती देणग्यांच्या रचनेत. नानंगोल म्हणजे बहुधा आजचे नारगोळ. तेथील ३२,००० माड त्याने चरकांच्या परिषदांना दिले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यातील भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले; २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे. याच दानात चिखलपद्र गावचे ८,००० माडही आहेत. कार्षापण आणि माड एकाच लेखात बसतात, ते उगाच नव्हे.

त्याच काळी भडोच बंदरी इटलीचे मद्य उतरत असे व राजासाठी उंची मद्य वेगळे आणले जाई, असे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनावरून कळते. सासऱ्याच्या दरबारी ते रिचविले गेले. जावयाने मात्र वाडी लेखी करून दिली.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला; २०२४ च्या ऑगस्टात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या किनाऱ्याच्या वाड्यांचे मोल ठरविताना त्या एकरकमी मोबदल्याच्या रकान्यात टाकावयाच्या की मुद्दल म्हणून धरावयाच्या, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीने मोडली. जोगळटेंभीस १९०६ मध्ये सापडलेल्या त्याच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुतेकांवर विजेत्याचा ठसा आहे. उषवदाताकडे असलेले एक शेतही सातकर्णीने भिक्षूंना दिले. दानाचा लेख त्याने त्याच डोंगरावर कोरविला.