नवरा शहरात नव्हता, तेव्हा तिने मुलाला देवीची टोचणी दिली. पुढे अख्खं लंडन यावरून भांडलं

मुलाला लस द्यायची की नाही, यावरून घरात वाजलं की हल्ली सगळा दोष व्हॉट्सॲपवर जातो. पण हा वाद व्हॉट्सॲपपेक्षा फार जुना आहे. इतकंच काय, तो लसीपेक्षाही जुना आहे. पहिली लस आली १७९६ साली. त्याच्या ७५ वर्षं आधी लंडनमधल्या आईबापांचे दोन तट पडले होते आणि त्या भांडणाच्या मधोमध एक बाई होती. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू.

इंग्रजी साहित्यात तिचं नाव पत्रलेखिका म्हणून घेतलं जातं. पण डॉक्टर नसताना तिने इंग्लंडमध्ये जे सुरू केलं, त्याची गोष्ट त्याहून मोठी आहे.

बापाच्या मनाविरुद्ध लग्न

मेरीचा जन्म १६८९ चा. बाप बडा उमराव. आई ती लहान असतानाच गेली. मुलींना लॅटिन शिकवायची तेव्हा पद्धत नव्हती, तर या पोरीने बापाच्या पुस्तकांच्या खोलीत बसून स्वतःच ती भाषा शिकून घेतली. बापाने स्थळ ठरवलं, ते तिला पसंत नव्हतं. १७१२ मध्ये ती घरातून पळाली आणि एडवर्ड वर्टली माँटेग्यूशी तिने लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचंही नाव एडवर्ड.

त्याच वर्षी तिचा विशीतला भाऊ विल्यम देवीने गेला.

देवी म्हणजे काय होतं, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं, कारण तो रोग कुणी पाहिलेलाच नाही. आधी सणसणून ताप, मग अंगभर पूने भरलेले फोड. ज्यांना हा रोग व्हायचा, त्यातले बरेच जण दगावायचे. वाचले त्यांच्या चेहऱ्यावर खड्डे राहायचे, काहींचे डोळे जायचे. गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. इंग्लंडची राणी दुसरी मेरी १६९४ मध्ये याच रोगाने गेली होती.

१७१५ च्या डिसेंबरात हा रोग मेरीलाही झाला. वय २६. लंडनच्या दरबारात तिच्या रूपाची चर्चा असायची. ती वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले.

तुर्कस्तानात काय दिसलं?

१७१६ मध्ये तिच्या नवऱ्याची ऑटोमन साम्राज्याच्या दरबारात इंग्लंडचा राजदूत म्हणून नेमणूक झाली. बायका सहसा अशा लांबच्या प्रवासाला जात नसत. मेरी मुलाला घेऊन निघाली.

तिथे तिला एक वेगळाच प्रकार दिसला. उन्हाळा सरला की काही म्हाताऱ्या बायका घरोघर यायच्या. अक्रोडाच्या कवचात देवीच्या फोडातला पू घेऊन यायच्या आणि सुईने तो मुलांच्या शिरेत टोचायच्या. १५-१६ जण एकत्र जमून हे करून घ्यायचे. आठवडाभर मुलं खेळत राहायची, मग ताप यायचा, दोन-तीन दिवस पडून राहायची आणि पुन्हा ठणठणीत व्हायची. थोडे फोड यायचे, पण त्या मुलांना पुन्हा आयुष्यभर देवी व्हायची नाही.

यामागचं कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज ते माहीत आहे. देवीचा विषाणू श्वासातून आत गेला तर रोग जोरात होतो. कातडीतून थोडासा आत गेला तर बहुतेकदा सौम्य होतो आणि तेवढ्यात शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. चीन, भारत आणि आफ्रिकेच्या काही भागांतही ही पद्धत जुनी होती. लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांनी १७१४ आणि १७१६ मध्ये याबद्दलचे लेख वाचलेही होते. पण वाचून ठेवून दिले.

मेरीने १ एप्रिल १७१७ च्या पत्रात हे सगळं आपली मैत्रीण सारा चिझवेल हिला कळवलं. आपल्या मुलावर हा प्रयोग करायचा आणि मायदेशी जाऊन ही पद्धत रुजवायची, हेही त्यात लिहिलं. डॉक्टर आपल्या उत्पन्नावर पाणी सोडतील का, अशी शंकाही तिने तेव्हाच घेतली होती.

मुलाला टोचलं, मुलीला नाही

मार्च १७१८. राजदूत कामासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या बाहेर गेला होता. मेरीला नुकतीच मुलगी झाली होती. तिने दूतावासाचे सर्जन चार्ल्स मेटलँड यांना बोलावलं आणि एक अनुभवी ग्रीक म्हातारी शोधायला लावली. दूतावासातल्या पाद्र्याचा याला विरोध होता. हे ख्रिस्ती माणसाचं काम नाही, असं त्याचं म्हणणं.

म्हातारीचा हात थरथरत होता, सुई गंजलेली होती. पोरगं कळवळलं. मेटलँडना ते बघवेना, म्हणून दुसऱ्या हाताला त्यांनी स्वतःच्या हत्याराने टोचलं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. टोचून झाल्याचं नवऱ्याला कळलं ते बायकोच्या पत्रातून, काही दिवसांनी.

त्याच पत्रात मुलीला का टोचलं नाही, तेही होतं. मुलीला दूध पाजणाऱ्या दाईला कधी देवी झाली नव्हती. टोचलेल्या मुलाला सौम्य असली तरी खरीखुरी देवी व्हायची आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायची. दाईला जोरात झाली असती, तर ती मेली असती. त्यामुळे मुलगी तशीच राहिली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही टोचणी म्हणजे आजची लस नाही. आजच्या बहुतेक लसींमध्ये मारलेला किंवा अगदी दुबळा केलेला जंतू असतो, नाहीतर त्याचा एखादा भागच असतो. मेरीच्या काळात जिवंत रोगच टोचला जायचा. त्यामुळे तेव्हा घाबरणारे आईबाप मूर्ख नव्हते.

लंडनमध्ये वादाला तोंड फुटलं

१७२१ च्या वसंतात लंडनमध्ये देवीची मोठी साथ आली. मेरीची मुलगी तीन वर्षांची झाली होती. मेरीने मेटलँडना बोलावलं. तुर्कस्तानात तयार झालेले मेटलँड लंडनमध्ये मात्र कचरले. काही बरंवाईट झालं तर आपलं नाव जाईल, म्हणून त्यांनी साक्षीला मोठे डॉक्टर हवेत अशी अट घातली. एप्रिलमध्ये मुलीला टोचलं. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या हातून झालेली ही पहिली टोचणी मानली जाते.

मुलगी बरी झाली. तिला बघायला आलेल्यांत जेम्स कीथ नावाचे डॉक्टर होते. त्यांची मुलं देवीने गेली होती, एकच मुलगा उरला होता. कीथनी त्याला लगेच टोचून घेतलं.

मग यात राजघराणं आलं. युवराज्ञी कॅरोलाइनलाही आपल्या मुलींची काळजी होती. ऑगस्ट १७२१ मध्ये न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना सुटकेच्या बोलीवर टोचण्यात आलं. सहाही जण जगले आणि सुटले. त्यातल्या एका बाईला मुद्दाम देवीच्या रुग्णांची सेवा करायला पाठवलं, तिला लागण झाली नाही. त्यानंतर अनाथ मुलांवर प्रयोग झाला. कैदी आणि अनाथ, म्हणजे ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं असे लोक. एवढं झाल्यावर एप्रिल १७२२ मध्ये राजाच्या दोन नातींना टोचण्यात आलं.

आता उमरावांच्या घरांत रांग लागली. पण त्याच महिन्यात वाईट बातमी आली. अर्ल ऑफ सदरलँड नव्हे, अर्ल ऑफ संडरलँड या बड्या राजकारण्याचा लहान मुलगा टोचणीनंतर दगावला. दुसऱ्या एका उमरावाचा नोकरही गेला. विरोधकांना पुरावा मिळाला. रोग ही देवाची इच्छा आहे, त्यात ढवळाढवळ करणं पाप आहे, असं एडमंड मॅसी या पाद्र्याने चर्चमधून सांगितलं. विल्यम वॅगस्टाफ या डॉक्टरने तर परदेशातल्या अडाणी बायकांची पद्धत इंग्लंडने का उचलावी, असा सवाल केला.

मेरी घरोघर जाऊन टोचलेली मुलं बघायची आणि लेकीला सोबत न्यायची. त्या घरांमधल्या दायांच्या आणि नोकरांच्या नजरा कशा असायच्या, हे त्या मुलीला म्हातारपणापर्यंत आठवत होतं. पोटच्या पोरीच्या जिवावर प्रयोग करणारी आई, अशीच मेरीची प्रतिमा अनेकांच्या मनात होती.

डॉक्टरांवर मेरीचाही राग होता. १७२२ मध्ये तिने तुर्कस्तानात राहिलेल्या व्यापाऱ्याच्या नावाआड एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. म्हाताऱ्या बायका सुईचं टोक टोचतात आणि इथले डॉक्टर मोठी जखम करतात, वर मुलांना जुलाब देतात, रक्त काढतात. मुलं मरतात ती या उपचारांनी, असा तिचा आरोप होता.

शेवटी आकडे बोलले

या भांडणात जेम्स ज्युरिन या डॉक्टरने वेगळी वाट धरली. रॉयल सोसायटीचा सचिव असलेल्या ज्युरिनने देशभरातून नोंदी मागवल्या आणि हिशेब मांडला. देवी झालेल्या साधारण सहा-सात जणांत एक मरत होता. टोचलेल्यांत साधारण पन्नासात एक.

आईबापांच्या वादाची गाठ इथेच होती. टोचलं आणि मूल गेलं, तर ते आपल्या हाताने गेलं असं वाटतं. टोचलं नाही आणि मूल गेलं, तर नशीब म्हणता येतं. भीती दोघांनाही मुलाच्या जिवाचीच होती. पण काहीच न करण्यालाही किंमत असते आणि ती मोजता येते, हे ज्युरिनच्या हिशेबाने दाखवून दिलं.

ही किंमत मेरीच्या जवळच्या माणसालाही मोजावी लागली. तिने जिला टोचणीबद्दल कळवलं होतं, ती सारा चिझवेल १७२६ मध्ये देवीनेच गेली.

मेरीचं पुढचं आयुष्य सरळ गेलं नाही. मुलाशी कधी पटलं नाही. तो शाळेतून पळून गेला, तेव्हा शोधासाठी दिलेल्या जाहिरातीत खूण म्हणून हातांवरचे टोचणीचे व्रण सांगितले होते. १७३९ मध्ये मेरी नवऱ्याला आणि इंग्लंडला सोडून युरोपात निघून गेली, ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये परतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्करोगाने तिचं निधन झालं. त्या वेळी तिचा जावई लॉर्ड ब्यूट इंग्लंडचा पंतप्रधान होता. त्याची बायको म्हणजे तीच, १७२१ मध्ये टोचलेली मुलगी. तुर्कस्तानातली पत्रं १७६३ मध्ये छापून आली.

आणि मुंबईपर्यंत

टोचणी इंग्लंडमध्ये रुजली. लहानपणी ती सोसलेल्या मुलांपैकी एक होता एडवर्ड जेन्नर. त्याने मोठेपणी १७९६ मध्ये देवीऐवजी गाईच्या देवीचा पू वापरला. रोग सौम्य, मृत्यूचा धोका कितीतरी कमी आणि दुसऱ्याला देवीची लागण होण्याची भीती नाही. ही पहिली लस.

ती बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात लस घेणारी ती पहिली. तिच्या हातावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना लस दिली गेली. मराठीत याला देवी काढणं म्हणू लागले.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. घरातल्या आजी-आजोबांच्या हातावर देवी काढल्याचे मोठे व्रण अजून दिसतील. आताच्या मुलांच्या दंडावर असतो तो बीसीजीचा. देवीची लस त्यांना द्यावीच लागत नाही.