सार्वजनिक काका

आज निवडणुकीत प्रत्येक प्रौढ नागरिकास मत देता येते. १८७० च्या सुमारास ही सोय नव्हती. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सरकार आपल्या पसंतीची माणसे नेमीत असे. अशा वेळी लोकांचे म्हणणे कोणी मांडावे, आणि मांडणाऱ्याचे सरकारने का ऐकावे, हा मोठाच प्रश्न होता. त्याचे उत्तर गणेश वासुदेव जोशी यांनी शोधले.

जोशी यांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले व पुढे तेथेच वकिली करू लागले. त्या वेळी पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी शहरात असंतोष होता. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पक्षकाराच्या वकीलपत्रावाचून वकिलास न्यायालयात बोलता येत नाही. सभेचा नियमही तसाच होता. किमान पन्नास प्रौढ माणसांनी दिलेले मुखत्यारपत्र आणील, तोच सभासद! आरंभीच्या ९५ सभासदांपाशी सुमारे ६००० लोकांची अशी संमती होती. मात्र सभासदांत सरदार, सावकार, वकील यांचाच भरणा होता. शेतकरी कोठे आहेत, हा महात्मा फुले यांचा आक्षेप रास्तच होता.

तथापि शेतकऱ्यांची स्थिती सभेने डोळ्यांआड केली नाही. १८७२ च्या सुमारास तिने एक उपसमिती नेमून जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. जमिनीवरचा सारा किती वाढला, कर्ज किती झाले, याची चौकशी झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या बुद्धीची या कामी जोड होती. पण माणसे जमविणे, गावोगाव पत्रे धाडणे, ही दगदग जोशी यांची. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरांचे रोजचे धान्य एक पौंडावर आणले. तेव्हा सभेने ठिकठिकाणचे वृत्तांत मिळवून, एवढ्या धान्यात श्रम करणारा माणूस जगणार नाही, असे सरकारला लिहून कळविले.

लोक जोशी यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीने ते गेले, तेही खादीच्या साध्या वेषात. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. सरकारचा रोष ओढवेल हे दिसत असूनही काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. पुढल्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, त्यांचे निधन झाले.