‘विद्यार्थी’ नावाचा संशोधक

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते. त्याच दलात जाण्याची मुलाची इच्छा दृष्टिदोषामुळे अपुरी राहिली. ऑक्सफर्ड येथे गणित व रसायनशास्त्र यांचे अध्ययन करून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात रुजू झाले.

तेथे त्यांच्यापुढे आलेला प्रश्न दिसावयास साधा होता. बार्लीच्या दोन वाणांपैकी एकाचे सरासरी उत्पन्न मोजक्या वाफ्यांत अधिक आले, तर तो वाणाचा गुण मानावा की निव्वळ योगायोग? सरासऱ्यांमधील फरक मोजमापांच्या विखुरणीच्या मानाने किती मोठा आहे, यावरून याचा निवाडा होतो. मात्र तत्कालीन संख्याशास्त्राची भिस्त विपुल मोजमापांवर होती. नमुना लहान असला की ही विखुरणीसुद्धा अदमासानेच कळते आणि निष्कर्षावरील विश्वास वाजवीपेक्षा अधिक ठरतो. गॉसेट यांनी नेमके हेच हेरले.

१९०६-०७ मध्ये लंडन येथे कार्ल पिअर्सन यांच्या सान्निध्यात त्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. ३००० कैद्यांची उंची व मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, ते पिसून, चार-चारांचे ७५० नमुने त्यांनी पाडले आणि आपले गणित पडताळून पाहिले. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या नियमामुळे स्वतःचे नाव देता येत नव्हते. म्हणून त्यांनी ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, हे टोपणनाव घेतले.

निबंधाचे मोल प्रारंभी फार थोड्यांना उमगले. रोनाल्ड फिशर यांनी मात्र ते जाणले, त्या विचाराला भक्कम गणिती पाया दिला आणि दोन स्वतंत्र नमुन्यांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यापर्यंत त्याचा विस्तार केला. आज शेती, वैद्यक व शिक्षण या क्षेत्रांत वापरली जाणारी ‘स्टुडंटची टी-चाचणी’ ती हीच. एकाच परीक्षेतील सरासरी गुणांवरून दोन तुकड्यांत डावे-उजवे करण्यापूर्वी क्षणभर थांबावयास ती आपल्यालाही शिकवते.

पिअर्सन आणि फिशर यांचे परस्परांशी हाडवैर होते; गॉसेट यांचा स्नेह मात्र दोघांशीही टिकला. १९३५ मध्ये ते लंडनच्या नव्या कारखान्याची जबाबदारी सांभाळण्यास गेले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारखान्याची नोकरी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही, आणि संख्याशास्त्राच्या ग्रंथांतून गॉसेट या नावापेक्षा ‘विद्यार्थी’ हेच नाव अधिक रूढ झाले.