विश्लेषण : रुझवेल्ट यांचा रक्तदाब वाढत होता, तरी कुणी रोखला का नाही?

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले, तेव्हा युरोपातील युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. हे सारे अचानक घडल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी जगाला सांगितले. प्रत्यक्षात रक्तदाबाच्या नोंदी गेली आठ वर्षे इशारा देत होत्या.

लक्ष पायांकडे, धोका कुठे?

न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे १८८२ मध्ये सधन घरात जन्मलेल्या रुझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, पोलिओने गाठले. पाय कायमचे अधू झाले. तरीही ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, १९३३ मध्ये अध्यक्ष झाले आणि एकूण चार वेळा निवडून आले. पायांचे अपंगत्व लोकांच्या नजरेत फारसे येऊ नये यासाठी त्यांची माणसे कायम दक्ष असत. दरम्यान, जे कुणालाच दिसत नव्हते ते वाढत होते. १९३५ मध्ये रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ झाला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. या काळात ते भाषणे देत होते, दौरे करत होते, सिगारेटी ओढत होते. आज १४०/९०च्या वर सातत्याने राहणाऱ्या रक्तदाबाला उच्च रक्तदाब म्हणतात. म्हणजे १९३७चा आकडा आजच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात नजरेतून सुटला नसता.

डॉक्टरांनी दुर्लक्ष केले का?

अध्यक्षांचे डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. वयानुसार रक्तदाब वाढायचाच, अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलण्यासाठी तो आवश्यकच आहे, असे त्या काळी अनेक नामांकित डॉक्टरही मानत. शिवाय तो उतरवणारे, रोज घेता येईल असे खात्रीचे औषधही नव्हते.

मार्च १९४४ मध्ये थकवा, खोकला आणि धाप वाढल्यावर नौदलाच्या बेथेस्डा येथील रुग्णालयात तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८, हृदय मोठे झालेले, फुप्फुसांत पाणी. त्यांनी डिजिटॅलिस, कमी मीठ, विश्रांती आणि सिगारेटी कमी करण्याचा सल्ला दिला. दोन आठवड्यांत फुप्फुसे मोकळी झाली, पण रक्तदाब उतरला नाही. ब्रुएन यांना निदानाबद्दल रुग्णाशी बोलायची मुभा नव्हती, आणि रुझवेल्ट यांनीही आपल्याला काय झाले आहे हे कधी विचारले नाही! प्रकृती उत्तम असल्याचे जाहीर होत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. मृत्यूच्या दिवशी, डोक्याच्या मागच्या बाजूला असह्य दुखू लागल्यावर, रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला.

पुढे काय बदलले?

जून १९४८ मध्ये रुझवेल्ट यांचे उत्तराधिकारी हॅरी ट्रुमन यांनी हृदयविषयक राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावात अभ्यास सुरू झाला. एका माणसाच्या मृत्यूमुळेच हे घडले, असे नव्हे; हृदयविकार तेव्हा अमेरिकेतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होता. या अभ्यासाचे वेगळेपण असे, की त्यात रुग्ण नव्हे, तर बहुतांशी धडधाकट माणसे घेतली गेली. साधारण ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष दर दोन वर्षांनी तपासले जाऊ लागले. कुणाला झटका येतो आणि त्याच्यात आधीपासून काय वेगळे होते, हे त्यातून कळणार होते. वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे १९६१पर्यंत स्पष्ट झाले. धूम्रपानाचे नावही लगेचच त्या यादीत आले. रक्तदाब उतरवणारी थायझाइड गटातील गोळी १९५८ मध्ये बाजारात आली, म्हणजे रुझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी.

ब्रुएन यांनी आपल्या नोंदी १९७० मध्ये प्रसिद्ध केल्या, म्हणून हे आकडे आज माहीत आहेत. अध्यक्षांची मूळ वैद्यकीय फाइल मात्र मृत्यूनंतर रुग्णालयाच्या तिजोरीतून नाहीशी झाली.