जोडलेल्या भुवयांची फ्रिडा

लॅबमध्ये लोडखाली एखादा नमुना मोडला की आपण जर्नलमध्ये रीडिंग लिहितो आणि तो भंगारात टाकतो. माणसाच्या बाबतीत मात्र असं करता येत नाही. १८ व्या वर्षी जिचा कणा ३ ठिकाणी मोडला आणि तरीही जिने आयुष्यभर स्वतःचीच चित्रं काढली, अशा एका बाईची ही ओळख.

फ्रिडा काहलोचा जन्म ६ जुलै १९०७ चा, मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातला. वडील जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले फोटोग्राफर. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक व आखूड राहिला. पोरं चिडवायची. पण वडिलांनी तिला घरात कोंडून ठेवलं नाही. फुटबॉल, कुस्ती, पोहणं, म्हणजे त्या काळी मुलींच्या वाट्याला न येणारे खेळ तिला खेळायला लावले. १९२२ साली तिने तिथल्या नामांकित शाळेत प्रवेश मिळवला. सुमारे २००० विद्यार्थ्यांत मुली जेमतेम ३५! (आपल्या मेकॅनिकलवाल्यांना हा रेशो ओळखीचा वाटेल.) तिला डॉक्टर व्हायचं होतं.

१७ सप्टेंबर १९२५ ला ती बसने घरी निघाली असता ट्रामने बसला धडक दिली. लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला. कणा, खांद्याचं हाड, कंबर, उजवा पाय, सगळं मोडलं. डॉक्टरांनाही ती जगेल असं वाटत नव्हतं. ती जगली, पण प्लास्टरमध्ये, पाठीवर पडून. तेव्हा आईने पलंगावर बसेल असं ईझल बनवून घेतलं आणि वर छताला आरसा लावला. दिवसभर समोर कोण? तर आपलाच चेहरा. तिथून तिची आत्मचित्रं सुरू झाली.

आता त्या काळचं सौंदर्य म्हणजे काय ते बघा. क्रांतीपूर्वी मेक्सिकोतल्या श्रीमंतांना पॅरिसची फॅशन आणि गोरी कातडी प्रिय होती. गावाकडचे मूळ रहिवासी, त्यांचे कपडे, त्यांचा रंग हे कमी दर्जाचं समजलं जाई. १९१० च्या क्रांतीनंतर हे वारं बदललं. फ्रिडाने तेहुआना बायकांचे लांब घागरे, जड दागिने आणि फुलं माळलेल्या वेण्या आपल्याशा केल्या. चित्रांत तर तिने जोडलेल्या भुवया आणि ओठांवरची लव ठसठशीत रंगवली. जे इतर बायका आरशासमोर उपटून काढतात, तेच तिने कॅनव्हासवर मांडलं.

पण तिला सगळं सोपं गेलं असं समजू नका. तेच लांब घागरे तिचा बारीक पाय झाकायचे. त्या पायाच्या बुटाची टाच उंच करून घेतलेली असे. म्हणजे भुवया दाखवणारी फ्रिडा पाय लपवतही होती. स्वतःला स्वीकारणं हे एका सबमिशनमध्ये संपणारं काम नाही, हे तिच्याकडूनच शिकावं.

१९४४ च्या 'मोडका स्तंभ' या चित्रात तिने लपवाछपवी सोडली. उघडं शरीर मधोमध फाटलेलं, कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब, भोवती पट्ट्यांचा कॉर्सेट, अंगभर खिळे. डोळ्यांत पाणी आहे, पण नजर सरळ आपल्याकडे. प्लास्टरच्या कॉर्सेटवरसुद्धा ती चित्रं रंगवायची!

एप्रिल १९५३ मध्ये मेक्सिकोत तिचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. डॉक्टरांनी उठायला मनाई केली, तर बाईसाहेब पलंगासकट हजर! त्याच वर्षी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिने कृत्रिम पायाला नक्षीदार लाल बूट चढवला. १३ जुलै १९५४ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी ती गेली.

गंमत म्हणजे २०१८ साली तिची बार्बी बाहुली बाजारात आली, तर तिच्या भुवयाच नीट जोडलेल्या नव्हत्या. लोक भडकले. ६४ वर्षांनीही जगाला तिला गुळगुळीत करायचंच होतं.

तेव्हा होस्टेलमधल्या काळ्या, बुटक्या, हाडकुळ्या, ढेरपोट्या आणि पिंपल्सवाल्या दोस्तांनो, मेसमध्ये एकमेकांना नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. चिडवणारी पोरं फ्रिडाच्या शाळेतही होती. त्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत.