बिअरच्या भट्टीशेजारी राहायला गेला आणि सोडा वॉटर करून बसला! गोष्ट जोसेफ प्रिस्टलीची

काही हौशी लोक घरातच बिअरचा नळ बसवतात. पिंपात बिअर, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि त्यावर रेग्युलेटर. पण हा वायू पाण्यात मुरवण्याची सोपी रीत जगाला दाखवली ती एका धर्मोपदेशकाने. त्याचं नाव जोसेफ प्रिस्टली!

प्रिस्टलीचा जन्म १७३३ चा, इंग्लंडमधल्या लीड्स शहराजवळचा. आई लहानपणीच वारली, आत्याने वाढवलं. बोलताना तो अडखळायचा, तरी धर्मोपदेशक झाला. १७६७ साली लीड्सच्या मिल हिल चॅपलमध्ये नेमणूक झाली आणि घर मिळालं ते नेमकं बिअरच्या भट्टीशेजारी.

तिथल्या आंबवणाच्या हौदांवर वायूचा फूटभर थर साचलेला असे. त्यात जळती काडी धरली की विझायची. धूर त्या थरावर तरंगायचा आणि हौदाच्या काठावरून खाली जमिनीकडे उतरायचा. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड! मग त्याने हौदावर दोन भांडी धरून पाणी एकातून दुसऱ्यात ओतलं. काही मिनिटांत पाणी चुरचुरीत झालं.

पुढे ते घर सुटलं. मग त्याने खडू आणि गंधकाम्लापासून वायू बनवला आणि १७७२ मध्ये सगळी कृती छापून टाकली. दाब दिला तर पाण्यात आणखी वायू मुरेल, हेही त्याने त्यात सुचवलं होतं. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल हा अंदाज मात्र साफ चुकला. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. सोड्याचा धंदा मात्र जिनिव्हाच्या श्वेपने उभा केला. प्रिस्टली पुढच्या प्रयोगांकडे वळला आणि १७७४ मध्ये त्याने ऑक्सिजन वेगळा केला.

पण प्रिस्टली फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घ्यायचा, इंग्लंडच्या अधिकृत चर्चवर टीका करायचा. १४ जुलै १७९१ ला बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. जमावाने त्याचं घर, प्रयोगशाळा, पुस्तकं, हस्तलिखितं सगळं उद्ध्वस्त केलं. कुटुंब कसंबसं वाचलं. १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १८०४ मध्ये पेनसिल्व्हेनियात वारला.

त्याच्या निधनाच्या आदल्याच वर्षी विल्यम हेन्रीने नियम मांडला : दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. द्रव थंड असेल तर आणखीच. घरच्या नळाचं गणित हेच. बिअर थंड ठेवायची, दाब रेग्युलेटरने बेताचा ठेवायचा, सिलिंडर उभा बांधून ठेवायचा. जोडांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर समजा गळती आहे. आणि बंद खोलीत सिलिंडर नकोच. जड वायू खाली साचत जातो, त्याला वास नसतो आणि माणूस गुदमरू शकतो. हौदावर विझलेली ती काडी हेच सांगत होती!